चेंबर का तुंबते आणि सांडपाणी स्वच्छ कसे होते?

प्रश्न : आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात ड्रेनेजचे चेंबर तुंबून घाण पाणी दारापर्यंत येते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नीट चालले तर हा त्रास थांबेल का? तेथे पाण्यात कोणते औषध घालतात?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : औषधाचे आधी सांगतो. शुद्धीकरणाचे मुख्य काम औषध नव्हे, जिवाणू करतात. सांडपाण्याच्या हजार भागांत साधारण नऊशे नव्याण्णव भाग पाणीच असते. उरलेला एक भाग घाण असते; ती जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातील प्राणवायू संपवतात. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या प्रवाहात सांडपाणी मिसळले की हेच घडते, म्हणून दुर्गंधी सुटते आणि मासे जगत नाहीत. केंद्रात जाळीने चिंध्या व प्लॅस्टिक अडवून आणि रेती बसवून घेतल्यावर पाणी मोठ्या टाकीत सोडतात व तळातून सतत हवा फुंकतात, त्यामुळे नदीला जे करायला दिवस लागतात ते काही तासांत होते. पुढच्या टाकीत जिवाणूंचा साका खाली बसतो आणि त्यातला काही भाग, दह्याचे विरजण राखून ठेवावे तसा, पुन्हा हवेच्या टाकीत घालतात. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी मांडली. शुद्धीकरण केंद्रातील कर्मचारी हवेच्या टाकीतले लिटरभर तपकिरी पाणी काचेच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवतात. साका तळाशी बसून वर नितळ पाणी आले, तर टाकीची प्रकृती ठीक आहे असे समजतात. क्लोरीन घालायचे झाल्यास ते शेवटी, रोगजंतू मारण्यापुरते.

आता तुमच्या दाराशी येणाऱ्या पाण्याबद्दल. केवळ केंद्र चालल्याने ते थांबणार नाही, कारण दोष बहुधा वाटेत असतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले, तर त्याचे सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, ड्रेनेजमध्ये जाते. पाच माणसांच्या घराचे दिवसाचे ५४० लिटर. याउलट हजार चौरस फुटांच्या छपरावर तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,८५० लिटर पाणी जमते. हे पाणी आणि अंगणातले पाणीही आपण ड्रेनेजला जोडतो. गल्लीतल्या दहा घरांनी तसे केले की उताराच्या बळावर वाहणाऱ्या त्या नळाची क्षमता संपते आणि सर्वांत सखल चेंबरातून पाणी वर येते. मला हे फार जिव्हारी लागते, कारण त्याचा त्रास जोडणी करणाऱ्याला नव्हे, खालच्या घराला होतो.

तेव्हा छपराचा नळ कोठे जोडला आहे ते पावसाआधी पाहा. ते पाणी पावसाळी गटारात, जमल्यास विहिरीत सोडा. शेजाऱ्यांसह महानगरपालिकेला लेखी अर्ज द्या. मात्र तुंबलेल्या चेंबरात कोणालाही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि संरक्षक साधनांविना असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.