पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

"मॅडम, हिशोब करून बघितलाय. मी नोकरी सोडली तरी घराला फारसा फरक पडत नाही." बसल्या बसल्या ती हेच म्हणाली. मूल दीड वर्षाचं, नवऱ्याची बढती तोंडावर आलेली. दोघांपैकी एकाने माघार घ्यायचीच तर ती मीच का, ही घालमेल घेऊन कितीतरी जणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

हिशोबाचा कागद मागितला. पर्समधून चार घड्या घातलेलं पान निघालं. वर तिचा पगार. त्याखाली पाळणाघराची फी, संध्याकाळी सांभाळणाऱ्या ताईंचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च. उरलेल्या रकमेखाली दोन रेघा. नवऱ्याच्या पगाराचा पानभर कुठे उल्लेख नाही.

"मूल दोघांचं, मग फी हिच्या एकटीच्या पगारातून का वजा केलीत?"

सोबत आलेला तिचा नवरा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. माणूस चांगला होता. "मी मदत करतो ना," म्हणायचा आणि करायचाही. पण लसीची तारीख, पाळणाघराची सुट्टी, संपत आलेलं औषध हे सगळं तिच्या डोक्यात.

मी त्यांना क्लॉडिया गोल्डिन यांच्याबद्दल सांगितलं. स्त्रियांच्या नोकऱ्या आणि कमाईवरच्या अभ्यासासाठी त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शिक्षण सारखं, काम सारखं, तरी कमाईतली दरी पहिल्या मुलानंतर रुंदावते. वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला काही नोकऱ्या भरघोस पैसे देतात. ती नोकरी एकाने धरली की घरच्या हाकेला दुसऱ्याने ओ द्यायची. डेन्मार्कसारख्या सोयीसुविधांच्या देशातही मूल झाल्यावर बाईची कमाई पुरुषाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते, आणि ती भरून निघत नाही. हे ऐकून तिला रडू आलं. आपणच कमी पडतोय असं ती वर्षभर समजत होती.

पुढच्या भेटीत नवा कागद. दोघांचे पगार एकत्र, खर्च त्यातून, आणि शेजारी दहा वर्षांनंतरचा अंदाज: पगारवाढी, भविष्य निर्वाह निधी, खंड पडल्यावर पुन्हा नोकरी मिळवण्याची अडचण. नोकरी सोडण्याचा विषय तिथेच थांबला. बढतीही त्याने घेतली, पण आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी पाचनंतर मीटिंग नाही, हे साहेबांशी बोलून.

पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर आता त्याचा आहे. परवा ताप आला म्हणून फोन आला, तो त्यालाच. "तो निघालासुद्धा होता," ती म्हणाली, "आणि मी दिवसभर माझाच फोन तपासत होते." आता आम्ही त्यावर बोलतोय.