सतराव्या शतकात इटलीतला एखादा वकील जमीनदारीही कशी सांभाळत असेल?

माझं रोजचं काम वारसा-वाटणीच्या दाव्यांचं आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला. त्या काळी इटली हा एक देश नव्हता, म्हणून फक्त नेपल्सच्या राज्याबद्दल लिहितो. तिथे वकिली आणि जमीन या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

राज्य स्पेनच्या राजाचं, कारभार त्याच्या व्हाइसरॉयचा, आणि बहुतेक गावं कोणा ना कोणा सरदाराची जहागीर. कायदेशीर वारस उरला नाही की जहागीर सरकारजमा व्हायची. मग भाऊ, पुतणे, विधवा, सावकार आणि सरकारी वकील सगळे नेपल्समधल्या कास्तेल कापुआनो या किल्ल्यात येऊन भांडायचे. १५४० पासून राज्याची मोठी न्यायालयं या एकाच किल्ल्यात होती, तुरुंगही तिथेच. या दाव्यांवर वकील श्रीमंत झाले आणि तो पैसा त्यांनी परत जमिनीतच घातला, कारण मान जहागिरीला होता.

यातलं सर्वांत लखलखीत नाव फ्रान्चेस्को दांद्रेआ (१६२५–१६९८). जन्म अमाल्फीजवळच्या रावेल्लोचा, वकिली नेपल्सची. १६५६ च्या प्लेगात शहरातली निम्म्याहून जास्त माणसं गेली. घराणीच्या घराणी संपली की कोण कोणाचा वारस, हा प्रश्न कसा पेटतो हे कोर्टात बसणाऱ्याला सांगायला नको. निपुत्रिक वारलेल्या माणसाची जहागीर भावाला मिळते की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर दांद्रेआने अख्खा ग्रंथ लिहिला. तो १६९४ साली छापला गेला.

मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं ते ब्राबांतचं, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातल्या, तेव्हा स्पेनकडे असलेल्या एका प्रांताचं. स्पेनचा राजा चौथा फिलिप १६६५ मध्ये वारला. ब्राबांतच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या लग्नाच्या मुलांना मालमत्तेत आधी हक्क होता. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईची राणी फिलिपच्या पहिल्या लग्नाची मुलगी, म्हणून लुईने तो प्रांतच मागितला आणि १६६७ मध्ये सैन्य घुसवलं. दांद्रेआने स्पेनच्या बाजूने लेखी उत्तर दिलं: घरच्या शेतीवाडीच्या वाटणीचा नियम राज्याच्या गादीला लागू होत नाही. इतका साधा आणि नेमका युक्तिवाद मी फार कमी वाचला आहे.

कोर्टाबाहेर तो इन्वेस्तिगांती नावाच्या मंडळात असे. तिथे प्रयोग, वैद्यक आणि फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे नवे विचार यांची चर्चा चाले. उतारवयात त्याने न्यायाधीशपद घेतलं. शेवटचा काळ पुलिया या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या कांदेला गावी गेला. आब्रुत्सोच्या डोंगरातून हिवाळ्यात मेंढरं खाली आणायची एक मोठी वाट याच गावी संपते, आणि त्या चराईच्या कराचे, हद्दीचे खटले चालवायला फोज्जा शहरात स्वतंत्र कचेरी होती.

आयुष्याच्या शेवटी पुतण्यांसाठी त्याने टिपणं लिहिली: केवळ कर्तबगारीवर माणूस इतका वर चढेल असं नेपल्ससारखं दुसरं शहर नाही. त्याच्यासारख्या माणसापुरतं ते खरं होतं. पण जहागिरीत राबणाऱ्या कुळाला ही शिडी नव्हती. त्याच्या वाट्याला जहागीरदाराचं कोर्ट, जहागीरदाराची गिरणी आणि खंड एवढंच होतं. ती जहागीरदारी कायद्याने रद्द झाली २ ऑगस्ट १८०६ ला, नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट नेपल्सच्या गादीवर असताना. आणि नंतरही सामाईक जमिनी कोणाच्या, यावरचे दावे कितीतरी वर्षं चालूच राहिले.