अँजिओप्लास्टीनंतर फ्लूची लस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यजमानांची (वय ६४) हार्ट अटॅकनंतर फेब्रुवारीत अँजिओप्लास्टी झाली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू आहे. डॉक्टर फ्लूची लस घ्या म्हणतात. सर्दी-तापाचा हृदयाशी काय संबंध? घ्यायची तर कधी? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : संबंध चांगलाच घट्ट आहे. फ्लूत ताप चढला की नाडी धावते, हृदयाचं काम वाढतं. संसर्ग फुप्फुसात उतरला तर नेमका तेव्हाच प्राणवायू कमी पडतो. शिवाय अंगभर दाह उसळतो, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटू शकतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट दिसलं.

लसीचा उपयोगही तपासून झाला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयएएमआय' चाचणीत अडीच हजारांवर रुग्ण होते, बहुतेक नुकताच अटॅक येऊन गेलेले. निम्म्यांना दवाखान्यात असतानाच लस दिली, निम्म्यांना नुसतं सलाइन. वर्षभरात लसवाल्यांपैकी २.९ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले ४.९ टक्के. तेव्हा 'जरा तब्येत सावरू दे, मग बघू' याला अर्थ नाही. गोळ्या मात्र एक दिवसही बंद करायच्या नाहीत, लसीसाठी तर नाहीच.

कधी? मोबाइलवर येणारा 'ऑक्टोबरात घ्या' हा सल्ला थंड देशांचा. आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वाढतो, मग पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून पालख्या पुण्यात पोचायच्या किमान पंधरा दिवस आधी टोचून घ्यावी. राहिलीच तर नंतर घ्या, पण घ्या. 'स्वाइन फ्लूची वेगळी लस कोणती?' असंही पुष्कळ जण विचारतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याने धसका घेतला तो एच१एन१ आता दरवर्षीच्या लसीतच असतो. वेगळी काही लागत नाही.

प्रश्न : सासूबाईंची (वय ७२) हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रॉम गोळी चालू आहे. गेल्या वर्षी लस घेऊनही सर्दी-खोकला झालाच. परत कशाला? आणि लस मेडिकलमधून आणून घरी टोचली तर चालेल? — एक वाचक, हडपसर

उत्तर : साधी सर्दी बहुतेकदा इतर विषाणूंची असते, ही लस त्यांच्यावर नाहीच. फ्लूचा विषाणू रूप बदलतो आणि लसीचा असरही ओसरतो, म्हणून दरवर्षी. खोक्यावर कोणत्या वर्षाची लस ते छापलेलं असतं. तारखेबरोबर तेही वाचा. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस हृदयरुग्णांना नको, दंडातलीच हवी.

घरी टोचण्यापेक्षा दवाखाना बरा. क्वचित तीव्र ॲलर्जी उठते, तेव्हा त्यावरचं इंजेक्शन हाताशी हवं. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसावं. लस आणायचीच झाली तर २ ते ८ अंशांत. नेमकी चूक इथे होते : मेडिकलवाला पिशवीत बर्फ टाकतो, सिरिंज बर्फाला चिकटते आणि लस गोठते. गोठलेली लस वितळली तरी वाया गेली. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, घरी आल्यावर फ्रीजरमध्ये ठेवू नका.

ॲसिट्रॉम चालू असल्याचं टोचण्याआधी सांगा. अलीकडचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत असावा. सुई २३ नंबरची किंवा त्याहून बारीक घ्यावी (इथे नंबर मोठा तितकी सुई बारीक). नंतर कापसाने किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. चोळल्याने आत रक्त साकळतं. दंड एक-दोन दिवस दुखेल, कणकण वाटेल. पॅरासिटामॉल पुरे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने देऊ नका : ॲसिट्रॉमबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, अंगात पाणीही साठतं. नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलएफ्रिनच्या गोळ्यांनी बीपी चढतं, त्याही टाळा.

लस घेऊनही पावसाळ्यात कडक ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.