९२.६ टक्के आणि तरीही ‘बी’

“ताई, मागच्या सेमिस्टरला ९२.६ पडले तरी बी. या वेळी तर सीसुद्धा हातचा जातोय. माझं मास्टर्सचं संपलंच ना?” न्यू जर्सीत नर्सिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी ही मराठी मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोबत आलेल्या बाबांना वेगळंच कोडं पडलं होतं: “इंजिनिअरिंगवाल्या मुलाला नव्वदला ए मायनस मिळतो, हिला ब्याण्णवला बी? हा कुठला हिशोब?”

अमेरिकेतल्या बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत हाच हिशोब चालतो. तिच्या कॉलेजात ९३ पासून ए, ८५ पासून बी, ७७ पासून सी. त्याखाली नापास, आणि अपूर्णांक वर ओढत नाहीत. ७६.९ म्हणजे ७६.९. शेवटी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा असते आणि पहिल्याच प्रयत्नात किती मुलं पास होतात यावर कॉलेजची मान्यता बरीचशी अवलंबून असते. मान्यता देणाऱ्या संस्था साधारण ८० टक्क्यांची अपेक्षा ठेवतात. म्हणून चाळणी आधीच बारीक. हे न्याय्य आहे का, यावर वाद घालता येईल, पण चालू सेमिस्टरमध्ये त्या वादाचा एक मार्कही मिळत नाही.

तेव्हा आधी सिलॅबस उघडला. सहा क्रेडिटचा विषय. चार युनिट परीक्षा प्रत्येकी १५ टक्के, फायनल २५, उरलेले १५ असाइनमेंट आणि क्विझचे. खाली बारीक अक्षरातली ओळ तिने वाचलीच नव्हती: फक्त परीक्षांची सरासरी ७७ भरल्याशिवाय असाइनमेंटचे मार्क धरणार नाहीत. म्हणजे असाइनमेंटमधले तिचे ९५ पास व्हायला कामाचे नाहीत.

तीन परीक्षांत ७८, ७२, ८०. सरासरी ७६.६७. इथेच तिची झोप उडाली होती. कागदावर मांडलं: परीक्षांच्या ८५ पैकी ६५.४५ हवेत, ३४.५ जमा आहेत, राहिलेल्या ४० पैकी ३०.९५ मिळवायचे. म्हणजे पुढच्या दोन्ही परीक्षांत सरासरी ७७.४. तिच्या डोक्यात आकडा ‘नव्वदच्या वर’ असा होता. तो बीसाठीचा होता, आणि बी खरंच अवघड होता: जवळपास ९०.६. हे तिला स्पष्ट सांगितलं. खोटा धीर दिला की मूल फायनलपर्यंत टिकतं आणि निकालाला कोसळतं.

मग जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींची चारपैकी सरासरी (बीला ३, सीला २). आधीची ४५ क्रेडिट ३.७ ने. या सेमिस्टरच्या १५ पैकी नऊ क्रेडिटना बी धरला, तर या विषयात बी आल्यास एकूण ३.५३ आणि सी आल्यास ३.४३. फरक एक दशांशाचा. पुष्कळ मास्टर्स कार्यक्रमांची किमान अट ३.० असते. भूलतज्ज्ञ नर्स व्हायचं असेल तर स्पर्धा तीव्र आहे आणि तिथे हा सी डोळ्यांत येईल. पण तिथे किमान एक वर्षाचा अतिदक्षता विभागातला अनुभवही लागतो, आणि तो अजून तिच्या हातात आहे. एनक्लेक्सच्या निकालावर तर टक्के नसतातच, फक्त पास की नापास.

विषय मध्येच सोडून ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची नोंद) घ्यावा का, हेही तपासलं. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, पण सहा क्रेडिट गेली की उरतात नऊ. पूर्णवेळ विद्यार्थ्याला १२ लागतात, आर्थिक मदत त्यावर अडते. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय विषय सोडूच नका.) शिवाय हा विषय तिच्याकडे वर्षातून एकदाच शिकवतात, म्हणजे अख्खं वर्ष मागे. डब्ल्यू बाद.

खरं काम निघालं ७२ च्या पेपरात. प्राध्यापिकेच्या ऑफिस आवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) बसून तिने ५० पैकी चुकलेले १४ प्रश्न तपासले. तीनच माहीत नव्हते. दोन बरोबर लिहून खोडलेले. चार ‘लागू ते सर्व निवडा’ प्रकारचे. आणि पाच ‘सर्वात आधी काय कराल’ याचे. उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाला धाप लागलीय, ऑक्सिजन ८८. तिने ‘डॉक्टरांना फोन’ निवडलं. उत्तर होतं पलंगाची डोक्याकडची बाजू वर करणं: हाताशी असलेला उपाय आधी, फोन त्यानंतर. फोन चूक नाही, क्रम चूक आहे.

म्हणजे रात्री जागून पाठांतर वाढवणं हा यावरचा उपाय नव्हता. रोज २५ सराव प्रश्न, आणि प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या कारणाने झाली ते दाखवणारं एक अक्षर. ‘लागू ते सर्व’ मध्ये प्रत्येक पर्याय स्वतंत्र ‘खरं की खोटं’ म्हणून वाचायचा. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्समध्ये अशा प्रश्नांना अंशतः गुण मिळतात. तिच्या कॉलेजात मात्र एक पर्याय चुकला की शून्य. लिहिलेलं उत्तर बदलायचं ते प्रश्नातला सुटलेला शब्द सापडला तरच. आणि नर्सिंग असिस्टंट म्हणून शनिवार-रविवार बारा-बारा तास उभं राहायची, त्यातला रविवार सहा आठवडे बंद.

चौथ्या परीक्षेत ८४, फायनलला ८०. परीक्षांची सरासरी ७८.९, एकूण ८१.३५. ग्रेड सी. बाबांनी विचारलं, अर्जात हे कसं दाखवायचं? इतर ठिकाणी ८१ टक्क्यांना बी मिळतो हे पटवत बसायचं नाही. कॉलेजची श्रेणीपट्टी ट्रान्सक्रिप्टसोबत (अधिकृत गुणपत्रकासोबत) छापलेली आहे का ते रजिस्ट्रारकडे पाहायचं, नसेल तर तिची प्रत जोडायची, आणि शिफारसपत्र त्याच प्राध्यापिकेकडून मागायचं, जिच्यासमोर बसून ते १४ प्रश्न तपासले होते.