शिलालेखाला १५६५ ठाऊक नसतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि विजयनगरच्या रामरायावरचा खर्डा, दोन्ही दोनदा वाचलं. "मुत्सद्दी म्हणू की गर्वाने राज्य बुडवणारा, काही केल्या ठरत नाही" असं तू लिहिलं आहेस. ठरत नाही याचं मला काही वाटत नाही. पण तुझ्या खर्ड्याचं पहिलंच वाक्य 'राक्षसतागडीच्या रणात ज्याचं मस्तक उडालं तो रामराय' असं आहे, म्हणजे १५६५ ची ती लढाई, जिला लोक तालिकोटची म्हणतात. सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. एकदा मस्तकापासून सुरुवात केलीस की १५४२ सालीही तुला ते मस्तकच दिसणार.

शेवटाकडून वाचू नकोस. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. तुला कंटाळा येईल, येऊ दे. या एका चुकीपायी माझी बरीच वर्षं गेली. ती कशी गेली हे सांगत बसत नाही, पण तुझी जाऊ नयेत एवढं वाटतं.

आता काम सांगतो. दर महत्त्वाच्या वर्षाला एक सुटा कागद घे. त्यावर चारच गोष्टी लिही: गादीवर कोण, रामरायाच्या हाती कोणती माणसं आणि किल्ले, दख्खनच्या सुलतानांपैकी कोण कोणाच्या बाजूला, आणि ही माहिती ज्याने दिली त्याने ती कधी लिहिली. पुढच्या वर्षातलं एक अक्षरही मागच्या कागदावर येता कामा नये.

१५२९ च्या कागदापासून सुरू कर. कृष्णदेवराय गेला, अच्युतदेवराय गादीवर आला. रामराय अरविडू घराण्यातला, कृष्णदेवरायाचा जावई. कन्नडमध्ये जावयाला 'अळिय' म्हणतात आणि हा शब्द त्याच्या नावाला कायमचा चिकटला. त्याला सत्ता मिळणार ती कोणाच्या तरी मागे उभं राहूनच, हे त्या शब्दातच आहे. १५३५ च्या सुमारास इब्राहिम आदिलशहाने परदेशी सैनिकांना काढून टाकलं, तेव्हा त्यातल्या तीन हजारांना रामरायाने चाकरीत घेतलं, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तो कागद नीट भर. गादी नसलेल्या माणसाने स्वतःपुरती फौज कशी उभी केली ते तिथे कळतं.

मग १५४२. अच्युतदेवराय वारला. त्याचा मुलगा वेंकट लहान, आणि कारभार मामाच्या, सलकराजू तिरुमलाच्या हाती. मुलाच्या आईने भावाच्या भीतीने आदिलशहाकडे मदत मागितली. मामाने भाच्याला मारलं, राजघराण्यातल्या इतरांनाही मारलं. रामरायाने गुत्तीच्या किल्ल्यातून राजघराण्यातल्या सदाशिवाला बाहेर काढलं, सलकराजूला लढाईत संपवलं आणि सदाशिवाला राज्याभिषेक केला. तुझ्या खर्ड्यात इथे 'सत्तेचा भुकेला रामराय' असं आहे. त्या साली राजधानीत त्याच्यासमोर कोण उभं होतं, ते आधी लिही. दुसरा राजप्रतिनिधी होता, आणि त्याचे हात भाच्याच्या रक्ताने माखले होते. १५४२ च्या प्रजेला रामराय हा सुटका करणारा वाटला असेल, तर ती प्रजा मूर्ख नव्हती. तिला १५६५ माहीत नव्हतं, इतकंच.

म्हणूनच मी तुला शिलालेख आणि ताम्रपट आधी वाचायला सांगतो, तवारिखा, म्हणजे दरबारी इतिहासग्रंथ, नंतर. फारसी तवारिखा लिहिणाऱ्यांना शेवट माहीत होता. फिरिश्त्याने आपला ग्रंथ १६०६ च्या सुमारास विजापूरच्या आश्रयाने पुरा केला. दगडाला शेवट ठाऊक नसतो. शके १४७८, म्हणजे इ. स. १५५६ चा एक ताम्रपट घे. श्रीपेरुंबुदूरच्या रामानुजाच्या देवस्थानाला गावं दिल्याचा तो आहे. देणारा सदाशिव. पण विनंतीची साखळी बघ: एका सरदाराने रामरायाला विनवलं, रामरायाने राजाला. राजाकडे जाणारी वाट रामरायाच्या दारातून जाते आणि तरी दान राजाच्याच नावाचं आहे. राजप्रतिनिधीची सत्ता कशी चालते हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? व्हेनिसचा व्यापारी सीझर फ्रेडरिक सांगतो की खऱ्या राजाला कैदेत ठेवून वर्षातून एकदा लोकांना दाखवत. तेही घे, पण तो १५६७ साली आला, सगळं उलटून गेल्यावर. त्याचं वाक्य १५५६ च्या कागदावर लिहायचं नाही.

१५४७ चा पोर्तुगीज तहही असाच, शेवट न कळलेला. गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरला मिळावेत, विजापूरला नकोत. उलट बाजूने विजयनगरच्या व्यापाऱ्यांनी माल आदिलशाही बंदरांतून नव्हे, पोर्तुगीज वखारींच्या बंदरांतून पाठवायचा. हा तह आणि १५५२ चा कागद शेजारी ठेव. त्या साली रामरायाने बुरहाण निजामशहाच्या जोडीने रायचूर आणि मुदगल घेतले. सहा वर्षांनी तोच रामराय अली आदिलशहाच्या बाजूने अहमदनगरवर जातो. तू याला 'दगाबाजी' म्हटलं आहेस. शेजारचे सुलतान कधी एकत्र येणार नाहीत या हिशेबावर त्याने वीस वर्षं राज्य राखलं, आणि दर वर्षी तो हिशेब खरा ठरत होता. दुसरीकडे अलीला रामरायाच्या राणीने मुलगा मानलं होतं. हिंदू विरुद्ध मुसलमान हे दोन रकाने आखून बसलीस तर यातलं एकही वर्ष त्यांत मावणार नाही. ते रकाने खोड.

हिशेब कुठे चुकला हे मात्र बारकाईने लिही, आणि 'गर्व' या एका शब्दावर भागवू नकोस. अहमदनगरशी झालेल्या तहात कल्याणीचा किल्ला मागणं हे राजकारण झालं. हुसेन निजामशहाने स्वतः येऊन आपल्या हातून विडा घ्यावा, ही अट वेगळी. फिरिश्ता म्हणतो, हुसेनने भेटीनंतर तिथेच हात धुतले, आणि ते पाहून रामरायानेही पाणी मागवून हात धुतले. प्रसंग अक्षरशः असाच घडला का, यावर मी भांडणार नाही. पण चाळीस वर्षांनंतरही विजापुरात तो सांगितला जात होता, एवढं पक्कं. १५६३ मध्ये रामरायाच्या फौजा पुन्हा अहमदनगरपर्यंत आल्या आणि सीनेच्या पुराने त्यांची दैना केली. मग सोयरिकी झाल्या: हुसेनची मुलगी चांदबिबी अलीला दिली, बरोबर सोलापूर आंदण, आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलाला. ज्या सोलापूरसाठी दोन घराणी लढत होती तेच आंदण गेलं. रामरायाचा हिशेब तिथे मोडला, रणांगणात नव्हे.

लढाईवर तू सात पानं लिहिली आहेस, दोन पुरेत. तालिकोटला सुलतानांची छावणी होती, लढाई तिथे झाली नाही, एवढं दुरुस्त कर. कृष्णेचा उतार रामरायाच्या लोकांनी अडवला होता. तीन दिवस दुसरीकडे जातो असं भासवून सुलतानांनी पहारा हलवला आणि परत फिरून नदी ओलांडली. हुसेनजवळ सहाशे तोफा होत्या, दोनशे-दोनशेच्या तीन रांगांत, पुढे जड, मागे हलक्या, आणि त्यांच्यापुढे आडोशाला तिरंदाज. तांब्याची नाणी ठासून त्या जवळून डागल्या, असं फिरिश्ता सांगतो. रामरायाच्याच दोन मुसलमान सरदारांच्या फितुरीची गोष्ट मात्र फ्रेडरिकची आहे. फिरिश्त्याच्या वर्णनात ती नाही. तू दोघांना एकाच परिच्छेदात शिवून टाकलंस. उसव.

मी कठोर आहे असं तुला वाटेल. अर्धा खर्डा खोडला म्हणून रागही येईल. पण जी वाक्यं खोडली त्यांतलं प्रत्येक वाक्य पुढचं माहीत असलेल्या माणसाचं आहे, आणि ती मी ठेवणार नाही.

एक काम राहिलं. पुण्याला सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही'चं हस्तलिखित आहे, आफताबी कवीचं. रीतसर परवानगी माग. रामरायाच्या वधाचं चित्र त्यात आहे, लढाईनंतर थोड्याच वर्षांत काढलेलं. पण तू आधी हुसेनची राणी खुंझा हुमायूनची चित्रं बघ. हुसेन गेल्यावर मुलाच्या नावाने कारभार तिनेच केला, आणि १५६९ च्या सुमारास तिला कैदेत टाकलं. काही चित्रांत हुसेन आहे आणि त्याच्या शेजारी तिची आकृती पुसलेली आहे. ती रिकामी जागा नीट बघ.

परत आलीस की १५४२ आणि १५५२ चे कागद पाठव. १५६५ चा इतक्यात नको.

आणि ते पहिलं वाक्य खोड.

कळावे.