ईशान्येकडच्या शेजाऱ्यांना कोणी हिणवलं, तर बोलायची भीती कशी घालवायची?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतले लोक ईशान्य भारतातल्या भाडेकरूंना ‘चिंकी’ म्हणतात, तुम्हाला ते खटकतं, पण बोलायची वेळ आली की घसा सुकतो. माझाही सुकायचा.

मार्च २०२०, पुणे. कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाची रांग होती. माझ्या पुढे आमच्याच मजल्यावरची मणिपूरची मुलगी. नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती. मागून आमच्या बिल्डिंगमधले एक काका मोठ्याने म्हणाले, “आला बघा कोरोना, लांब राहा.” दोघं-तिघं हसले. मी मान खाली घालून पिशवीची गाठ सोडवत राहिले. ती दूध न घेताच निघून गेली. देशभर तेव्हा हेच चाललं होतं. २१ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं, की असं वागणाऱ्यांवर कारवाई करा.

काका मला काय करणार होते? काहीच नाही. रोज जिन्यात भेटणारी, हळदीकुंकवाला बोलावणारी माणसं तुटतील, एवढीच माझी भीती.

संध्याकाळी तिच्या दारात जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, “दीदी, सॉरी छोडो. कल दूध लेने साथ चलोगी?”

गेले. काका होतेच. म्हटलं, “काका, काल तुम्ही बोललात ते मला आवडलं नाही. शेजारीण आहे आपली.” आवाज कापत होता. “अगं, गंमत केली!” मला पुढे काही सुचलं नाही, तशीच तिच्याशेजारी उभी राहिले. दोन महिने काका माझ्याशी बोलले नाहीत. काकू बोलत होत्या.

ही ‘गंमत’ कुठवर जाते तेही सांगते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, भांडण पेटलं, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

म्हणून भाषण तयार करत बसू नका. एक वाक्य ठरवा, नेहमीच्या बोलण्यातलं, आणि घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. तक्रार करायची की नाही हे मात्र जिला हिणवलं तिला विचारा, राहायचं तिला आहे. समोरचे हातघाईवर येतील असं वाटलं तर वाद घालू नका; ११२ला फोन करा, तिला तिथून बाहेर काढा.

आणि आधी एखादा जोडीदार शोधा. पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये विषय निघाला, ‘यांना’ फ्लॅट देऊ नका, स्वयंपाकाला वास येतो. वास ङारीचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा. या वेळी मी दोन शेजारणींशी आधीच बोलून ठेवलं होतं. मी उठून म्हटलं, “माझं माहेर मालवणचं. पावसाळ्यात मी सुके बोंबील भाजते, तेव्हा कोणी ठराव आणला नाही.” त्या दोघीही बोलल्या. ठराव मताला टाकलाच नाही.