‘श्री’ येण्याआधीच्या रेघोट्या

इंग्लंडमधून एका आईचे पत्र आले आहे. त्यांचे सासर-माहेर दोन्ही कोल्हापूरचे, मुलगा सव्वाचार वर्षांचा. नर्सरीत पालकांना बोलावले होते तेव्हा शिक्षिकेने त्याच्या वर्षभराच्या कागदांची फाइल पुढे ठेवली आणि त्याचे ‘मार्क मेकिंग’, म्हणजे अक्षरांआधीच्या खुणा आणि रेघोट्या काढणे, फार छान चालले आहे, असे कौतुकाने सांगितले. फाइलमध्ये मात्र एकही अक्षर नव्हते. रेघोट्या, भोवरे, ठिपके आणि एका कागदावर डोक्यालाच पाय फुटलेला एक माणूस, एवढाच ऐवज. इकडे मंगळवार पेठेतले आबा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, “अजून ‘श्री’ काढायला येत नाही होय त्याला?” ऑगस्टमध्ये चार आठवडे सगळे कोल्हापूरला येणार आहेत. तोवर रोज अर्धा तास बसवून गिरवून घ्यावे का, की नर्सरीच मुलाचा वेळ वाया घालवते आहे, असा त्यांचा प्रश्न आहे.

नर्सरी वेळ वाया घालवत नाही आणि गिरवून घेण्याची घाई तुम्हीही करू नये, हे माझे उत्तर आहे. इंग्लंडमध्ये जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची जी अधिकृत चौकट आहे, तिच्यात 7 शिक्षणक्षेत्रे आहेत आणि कला व अभिव्यक्ती हे त्यांतले एक स्वतंत्र क्षेत्र आहे. शिवाय ‘मार्क मेकिंग’ हा शब्द परका वाटला तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीने धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरे काढली. फरक इतकाच की, आपण त्या बोटाखाली पहिल्या दिवसापासून अक्षर ठेवले आणि अक्षर येण्याआधी हात काय काय करत असतो, याकडे फारसे पाहिले नाही.

दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवते, म्हणून त्याची रेघ कागद सोडून फरशीवर जाते. पुढे ही हालचाल कोपरात उतरते, मग मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांत. मनगटातली आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेचीच असतात आणि ती एकेक करून कठीण होत जातात. शेवटच्या हाडाला तर नऊ-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. समोर पाहून गोल काढणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमते, अधिकची खूण चौथ्याच्या सुमारास, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. आता ‘श्री’कडे जरा निरखून पाहा. सुरुवातीचा वळसा, त्याच्या पोटातली तिरपी रेघ, काना, वरची दुसरी वेलांटी आणि शिरोरेषा, एवढे सगळे त्या एका अक्षरात आहे. सव्वाचार वर्षांच्या मुलाने ते काढले तर कौतुक करावे, पण नाही काढले तर त्यात त्याचे काही कमी पडलेले नाही.

ती फाइल पुन्हा एकदा उघडा. अमेरिकेतल्या ऱ्होडा केलॉग यांनी लाखो बालचित्रे जमवून मुलांच्या गिरगोट्यांचे 20 मूळ प्रकार मांडले होते. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, भोवरा, बंद गोल यांतले बरेचसे तुम्हाला त्या कागदांवर दिसतील. देवनागरीची दांडी, अर्धगोल, गाठ आणि शिरोरेषा यांतूनच होतात, त्यामुळे तुमच्या मुलाने मराठीचे सुटे भाग आधीच जमवून ठेवले आहेत, असे आबांना खुशाल सांगा. डोक्याला पाय फुटलेल्या माणसाबद्दलही चिंता नको. तीन-चार वर्षांची मुले अनेक देशांत असाच माणूस काढतात. त्याला धड जोडून देऊ नका.

जोडून देण्याचे पाप मी स्वतः केलेले आहे. बालवाडीत शिकवायला लागून मला दोनच वर्षे झाली होती. गंगावेशीकडच्या गवळ्यांच्या घरातली एक मुलगी म्हैस काढते म्हणून बसली आणि तिने पाटीभर वरून खाली रेघाच रेघा ओढल्या, इतक्या जोरात की पेन्सिल दोनदा मोडली. मी म्हटले, “अगं, म्हशीचे पाय कुठं आहेत?” आणि तिच्या हातून पेन्सिल घेऊन चार पाय, शिंगे, शेपूट अशी झकास म्हैस काढून दिली. ती पाटीकडे बघत हळूच म्हणाली, “ही धार हाय बाई, चर्र चर्र.” तिने म्हैस काढलीच नव्हती, चरवीत पडणाऱ्या दुधाच्या धारेचा आवाज काढला होता आणि तो मी पुसून टाकला होता. त्यानंतर कितीतरी दिवस ती पाटी माझ्यापुढे सरकवून म्हणायची, “बाई, तुम्हीच काढा.”

म्हणून मूल काढत असताना “हे काय आहे?” असा प्रश्न विचारू नका. अनेकदा ते काहीच नसते, नुसता हात फिरत असतो, आणि प्रश्न आला की मूल मोठ्यांना आवडेल असे एखादे नाव ठोकून देते. त्याऐवजी शेजारी बसा आणि जे दिसते आहे तेच बोला: “ही रेघ पार वरपर्यंत गेली की!” मग ते आपणहून बोलू लागते, आणि परदेशातल्या घराला खरा लाभ इथेच होतो. तुमचा मुलगा म्हणेल, “ही ट्रेन आहे, खूप फास्ट.” त्याला “फास्ट नाही, वेगवान म्हणायचं” असे अडवू नका. “व्हय का, लई जोरात निघाली! कुठं चालली?” असे आपल्या मराठीत उत्तर द्या. दोन भाषा मिसळून बोलणे म्हणजे गोंधळ नव्हे, आणि चुका काढल्या की मुले आधी मराठी सोडतात आणि मग चित्रही दाखवत नाहीत.

आपण कोल्हापूरकर ‘कलापूर’ म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगतो, पण नातवंडांना देतो काय, तर छापील हत्तीत रंग भरायची पुस्तके. कोणत्याही कलाशाळेत न शिकता चित्रकार आणि शिल्पकार झालेले बाबूराव पेंटर याच गावचे, एवढे तरी आठवावे. चित्रकला म्हटली की आपल्या पिढीला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा आठवतात, त्याचाही हा परिणाम असावा.

ऑगस्टच्या चार आठवड्यांसाठी सामान आणू नका. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा शंख-शिंपले, बिया आणि पाने हीच त्यांची साधने होती. तुम्ही याल तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतींची गडबड असेल. तिथे त्याला अर्धा तास नुसते उभे राहू द्या आणि घरी मूठभर शाडू द्या. मूर्ती व्हायला हवी असे नाही, माती दाबल्याने बोटांत जे बळ येते ते पेन्सिल धरायला लागतेच. ताटात रवा पसरून त्यात बोटाने रेघा, चपातीच्या कणकेचा गोळा, अंगणाच्या फरशीवर पाण्याने भिजवलेला ब्रश, हेही चालेल. रांगोळी मात्र डोळ्यांत आणि तोंडात जाते, तिच्याऐवजी तांदळाचे पीठ वापरा.

तो डावा हात वापरत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की हात बदलायचा नाही. काळजी कधी करावी, तेही थोडक्यात सांगते. दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरून दुसरा टाळत असेल, तीन वर्षांनंतरही त्याला खडू हातात धरता येत नसेल किंवा येत असलेली गोष्ट जमेनाशी झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तुमच्या पत्रात यातले काहीच नाही.

राहता राहिले आबा. सप्टेंबरमध्ये मुलगा रिसेप्शनच्या, म्हणजे तिथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात जाईल आणि तिथे इंग्रजी अक्षरओळख सुरू होईल, तेव्हा मराठी अक्षर मागे पडेल ही त्यांची धास्ती खोटी नाही. त्यांना एक कोरी वही द्या. नातू चित्र काढेल, त्याबद्दल जे बोलेल ते आबांनी त्याच्या देखत, त्याच्याच शब्दांत, चित्राखाली ठळक देवनागरीत लिहायचे आणि तारीख घालायची. आपण बोललो ते आबांच्या हातून कागदावर उतरते, हे तो रोज पाहील. परत गेल्यावर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या वहीतले एक पान आबांनी वाचून दाखवायचे, आणि ‘श्री’चा विषय निदान दसऱ्याच्या पाटीपूजनापर्यंत काढायचा नाही.